नियम चौथा : भांडी रिकामी करून जमा करावीत

मी आयुष्यात एकच संस्था सुधारली. आमच्या वाडीची भांडी. त्याबद्दल मला श्रीफळ आणि शाल मिळाली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. शाल अजून कपाटात आहे. ती दिसली की मी कपाट बंद करतो.

आधी माझ्या नोकरीबद्दल सांगतो, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात मी बरीच वर्षं आहे. सुरुवातीला पाळीत होतो, घामाचं काम होतं. मग मला टेबल मिळालं आणि टेबलावर पाटी आली : उत्पादकता. या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्यांना माझी बायको सांगते, "कारखान्यात काय काय पडून आहे ते हे बघत फिरतात." माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर करता आलेलं नाही. एखादा पंप पडून आहे का, वाफ फुकट जाते का, पोलादपूरकडून येणारी बस अर्धी रिकामी येते का, दोन माणसांचं काम तीन माणसं करतात का, हे शोधायचं, तक्ता करायचा आणि वरच्यांना दाखवायचा. आहे त्या साधनांत जास्त काम झालं पाहिजे. मला हे काम आवडतं, हे कबूल करतो. रिकामी गोष्ट दिसली की माझे हात शिवशिवतात.

महाडात नवा होतो तेव्हा बाजारपेठेतल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. माल वर छतापर्यंत खच्चून भरलेला, आणि खालचे दोन खण रिकामे. मी न विचारता दुकानदाराला सल्ला दिला की खालचे खण वापरलेत तर दुकानात पावपट माल जास्त मावेल. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"साहेब, तुम्ही कुठले?"

"पोलादपूरच्या वरचा."

"डोंगरातले. तरीच. हे खण रिकामे नाहीत. ते पाण्याचे आहेत."

मी हसलो आणि मनात नोंद केली : बदलाला विरोध. त्याच पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारात आलं, तेव्हा ते आपल्या खणांत येऊन बसलं आणि वह्या वर कोरड्या राहिल्या. यातून मी काही शिकलो का? शिकलो. घर घेताना दुसऱ्या मजल्यावर घेतलं. एवढंच शिकलो.

आता वाडी. पोलादपूर सोडून डोंगराच्या अंगाने वर गेलं की आमची वाडी लागते. घरं पुष्कळ, त्यांतली निम्मी कुलूपबंद, आणि कुलपांच्या किल्ल्या मुंबईत. आमच्याकडे दोन मंडळं आहेत, एक गावातलं आणि एक मुंबईतलं. गावातलं मंडळ राहतं, मुंबईतलं ठरवतं. वाडीच्या मालकीची म्हणून जी काही संपत्ती आहे ती म्हणजे देऊळ आणि भांडी. भांडी म्हणजे एक मोठं पितळी पातेलं, ज्यात एक माणूस मांडी घालून बसेल, एक मधलं, जर्मनचे चार टोप, पराती, बादल्या, ओगराळी, झारे, आणि मोजून सुद्धा कधी सारखी भरली नाहीत अशी ताटं. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, वाडीत पन्नास माणसांवर जेवण झालं की ही भांडी बाहेर पडणार.

ही भांडी माझ्या काकीच्या पडवीत असायची. काका मंडळाचा खजिनदार होता म्हणून ती तिथे आली, आणि काका गेल्यावर ती तिथेच राहिली. काकीला कुणी नेमलं नव्हतं. ती पडवी तिची होती म्हणून भांडी तिची होती. मुलगा नालासोपाऱ्याला, सून तिकडेच, नातवंडं तिकडेच. काकी, तिची कोंबडी आणि भांडी एवढा संसार.

आणि एक गोष्ट आताच सांगून टाकतो, नंतर धीर होणार नाही. मी पाचवीपासून दहावीपर्यंत या काकीच्या घरी राहिलो. आईवडील मुंबईत होते. माझ्या अंगावर आज जे मांस आहे, त्याचा पाया तिने घातला आहे.

भांडी द्यायची तिची एक पद्धत होती. वरच्या घरचे काका (ते तिचे भावकीतले दीर, म्हणून ती त्यांना भावजी म्हणते) एकदा पातेलं मागायला आले तेव्हा मी तिथे होतो.

"वैनी, मोठं पातेलं पायजे."

"बघते."

"बघते काय? तितं तर ठेवलंय, डोळ्यासमोर."

"किती माणूस?"

"दोनशे."

"दोनशे माणूस तुमच्याकडं? खालची आळी येणार नाय, बांधावरनं भांडलात. झाडावरच्या साळुंख्या बोलावणार काय जेवायला? मधलं न्या."

काका पुटपुटत मधलं घेऊन गेले. जेवण पुरलं, तळाला थोडं उरलं सुद्धा. पातेलं परत आलं तेव्हा त्या तळाला उरलेलं होतंच, वर पान झाकून. काकीने ते काढून घेतलं, काका पायरीवर बसले, आणि मग खालच्या आळीशी भांडण कसं झालं हे त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मी तेव्हा घड्याळ बघितलं होतं. एक पातेलं जमा करायला सव्वा तास.

दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात देवळात सभा भरली. मुंबई मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले. त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला मोठं पातेलं मागितलं होतं, काकीने मधलं दिलं, हा विषय.

"भांडी मंडळाची आहेत. मागितलं मोठं, दिलं मधलं. वर मला म्हणते, तुझ्याकडं तेवढं माणूस येणार नाय!"

मागून कुणीतरी विचारलं, "मग आलं काय?"

"प्रश्न तो नाही!" अध्यक्ष म्हणाले. "प्रश्न सिस्टीमचा आहे. कुणाच्या मर्जीवर चालणार नाही आता." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा कंपनीत हेच करतो ना? पगार घेतो त्याचा. गावासाठी कर म्हणावं फुकट."

सगळे हसले आणि मी उभा राहिलो. इथे मी नाही म्हणू शकलो असतो. पण खरं सांगतो, मला आनंद झाला होता. कारखान्यात मी सुचवलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ कागदावरच राहतात. इथे अख्खी संस्था माझ्या हातात देत होते, भांडी आणि माणसं धरून.

काकी देवळाच्या खांबाला टेकून बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, "काय गो, चालेल ना?"

"न्या," ती म्हणाली. "पडवी झाडायला बरी."

मी ते संमती म्हणून नोंदवून घेतलं.

वाडीची शाळा पोरांअभावी बंद पडली होती. तिची एक खोली मंडळाने मागून घेतली. पडून असलेली खोली कामाला लागली, हा मला पहिला फायदा वाटला. भांडी तिथे हलवली. प्रत्येकावर तांबड्या ऑइलपेंटने क्रमांक घातला. मोठ्या पातेल्यावर वितभर उंचीचा एक. दाराला आकड्यांचं कुलूप लावलं, म्हणजे किल्ली सांभाळायला माणूस नको. मागणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर करायची, आधी येईल त्याला आधी मिळेल. एक छोटा फॉर्म केला, त्यात कार्यक्रमाचं कारण लिहिणं सक्तीचं. आणि सात नियम छापून, प्लास्टिकमध्ये घालून दाराला लावले.

त्यातला चौथा नियम असा : भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करून जमा करावीत.

हा नियम मी एका दमात लिहिला. आमच्या कारखान्यात भांड्याच्या तळाशी आधीच्या घाण्याचं काही राहिलं की पुढचा घाणा वाया जातो. तळाला उरणं हे आमच्याकडे पाप आहे. काकीच्या पडवीत मात्र परत आलेल्या प्रत्येक पातेल्याच्या तळाला काहीतरी असायचंच. कधी शिरा, कधी वाटाण्याची उसळ, कधी करपलेला पुलाव. मग ते काढा, पुन्हा भिजवा, पुन्हा घासा. दुप्पट काम. मी ते एका ओळीत बंद केलं.

मे महिना लग्नांचा. माझी व्यवस्था अशी चालली की तिला माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. नालासोपाऱ्यात बसून लोक वाडीतलं पातेलं धरून ठेवू लागले. वेळेत जमा होऊ लागलं, चकचकीत, कोरडं. महिन्याच्या शेवटी मी सभेत तक्ता दाखवला. पूर्वी मोठं पातेलं वर्षातून जेमतेम तीन-चारदा बाहेर पडायचं. आता मांडव कुठलाही असो, मोठं पातेलं हजर. "वाडीचं सर्वांत मोठं साधन आता पडून राहत नाही," असं मी म्हणालो. तेव्हाच ती शाल मिळाली.

मोठं पातेलं सगळे का नेतात, याचा विचार मी केला नाही. उत्तर सोपं होतं. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून. आणि एकदा एवढं मोठं पातेलं चुलीवर चढलं की त्यात अर्धंच कोण शिजवणार? दिसायला बरं दिसत नाही. मग भरून शिजायचं, उरायचं, आणि नियमाप्रमाणे पातेलं रिकामं करायचं म्हणून मांडवामागे ओतलं जायचं. वाडीतली कुत्री त्या उन्हाळ्यात अशी सुटली की अनोळखी माणूस आला तर बसल्या जागेवरून नुसती शेपटी हलवायची. बायको म्हणाली, "तुमच्या तक्त्यात कुत्र्यांचा रकाना आहे का?" मी तिला म्हणालो की प्रत्येक गोष्टीची थट्टा करू नये.

त्या मेमध्ये मी चार वेळा वाडीत गेलो आणि काकीकडे एकदा. तेही दारातून. आता आठवतं की तेव्हा तिने विचारलं होतं, "कुणाकुणाचं लगीन झालं रे?" मी म्हणालो, "गटावर आहे सगळं, काकी." तिच्याकडे फोन आहे, पण तो कानाला लावायचा.

गणपतीला आम्ही सगळे वर गेलो. काकीच्या पडवीत भांड्यांच्या जागी एक खाट टाकली होती आणि खाटेवर एक बॅग, भरलेली, चेन लावलेली. चुलतभाऊ मुंबईहून गाडी घेऊन आला होता.

"आई येतेय आमच्याकडे, कायमची," तो म्हणाला. "किती वर्षं मागे लागलो होतो. आता स्वतःहूनच म्हणाली."

तो खूश होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मी काकीजवळ जाऊन बसलो.

"का गो काकी? बरं नाही का?"

"बरी हाय की. हितं काय काम हाय आता?"

"काम नाही म्हणजे चांगलंच ना. आराम कर."

"आराम करायला मी काय पातेलं हाय?"

मी हसलो. ती हसली नाही. तेवढ्यात खालच्या आळीतली एक सून डोक्यावर टोप घेऊन वाटेने शाळेकडे निघाली होती. टोपावर तांबड्या रंगाने सात लिहिलेला. "काकी, बरी हास ना?" असं चालता चालता ओरडली आणि पुढे गेली.

काकीने तिच्या पाठीकडे हनुवटी केली. "बघितलंस? थांबली नाय."

"घाईत असेल."

"घाईत नाय. टोप रिकामा हाय. रिकामं भांडं घेऊन कोण कुणाच्या दारात थांबंल? लाज नाय वाटणार?"

मग तिने मला समजावलं, पाचवीतल्या मुलाला समजवावं तसं. वाडीत उसनं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. तळाला घासभर तरी ठेवायचं. आणि घासभर आणलं की तो नुसता ठेवून जाता येत नाही. बसावं लागतं, चांगलं झालंय का विचारावं लागतं, मग कोण आलं, कोण नाही आलं, का नाही आलं. पुढच्या वेळी कुणाला कुठलं पातेलं द्यायचं, ते तिला त्यातून कळायचं.

"आता भांडी पण येत नायत आन माणसं पण येत नायत," ती म्हणाली. "तू चांगलं केलंस रे. सगळी बोलतात, पोरगा हुशार निघाला. पण मी हितं बसून काय कोंबडीशी बोलू? तिला पण कंटाळा आलाय माझा."

मला उठता येईना. कारण ती बोलत असताना मला शिऱ्याची आठवण झाली होती. पाचवी ते दहावी, प्रत्येक मे महिन्यात, त्या पातेल्यांच्या तळाचा शिरा कोण खात होतं? मी. पातेल्यात डोकं घालून, खरवडून. काकी म्हणायची, "तळाचं खा, तूप तितंच उतरतं." ज्या उरल्यासुरल्यावर मी वाढलो, ते मी नियम करून बंद केलं होतं आणि वर शाल घेतली होती.

मी तसाच अध्यक्षांकडे गेलो. ते आरतीच्या तयारीत होते. मी म्हणालो, चौथा नियम काढू या, भांडी परत काकीकडे ठेवू या.

"वेडा झालास काय? आकडे बघ. तुझेच आहेत."

"आकडे चुकीचे आहेत."

"मग शाल परत दे," ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर इतके हसले की हातातली निरांजनं विझली. "जा रे. चाललंय ते चालू दे. फार तर पुढच्या शिमग्याला बघू."

पुढच्या शिमग्याला काकी नालासोपाऱ्यात असणार होती. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी गाडी निघणार होती. माझ्याकडे तीन दिवस होते.

मी माझ्याच गटावर, माझाच फॉर्म भरला. भांडं क्रमांक : दोन, म्हणजे मधलं. कार्यक्रमाचं कारण : सक्तीचं होतं, म्हणून लिहिलं, खीर. लगेच प्रश्न आले. कुणाचं बारसं आहे? एवढी खीर कशाला? घरी सगळं ठीक ना? मी फोन उलटा ठेवला. बायकोला म्हणालो, जरा मदत कर.

"मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "माफी तुमची आहे, खीर पण तुमचीच होऊ दे."

वाडीतल्या आमच्या घराच्या अंगणात तीन दगड मांडून मी पातेलं चढवलं. तांदूळ, गूळ, नारळाचं दूध. मी कारखान्यात मोठमोठ्या भांड्यांतलं तापमान राखण्यावर व्याख्यानं दिलेली आहेत. खीर तळाला लागली. ढवळायला गेलो तर करपलेलं वर आलं आणि सगळ्यात मिसळलं. शेजारपाजारच्या बायका कुंपणाला उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, "ह्यो कंपनीत पण असंच करतो काय गो?" बायको म्हणाली, "तिथे पांढरा कोट घालून करतात."

पातेलं डोक्यावर घेऊन निघालो. वाटेत शाळा लागते. तिथे न थांबता खाली काकीच्या दारात गेलो. तिने झाकण उचललं.

"ही काय हाय?"

"खीर."

"ही?" तिने बोट बुडवून चाटलं. "गूळ दुकानातच ठेवलास काय? आन ह्यो काळा काय, मसाला?"

"करपली थोडी."

"थोडी!" पण ताटली आणली. पहिल्यांदा तिने स्वतःला वाढून घेतली, मग मला वाढली, आणि मी माझी खाईपर्यंत माझ्याकडे बघत बसली. तिने स्वतःची संपवली. मी म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

"ते दिसतंय की. तांदूळ आधी भाजायचा असतो."

"खिरीचं नाही म्हणत."

"मला कळतंय रे, तू कशाचं म्हणतोस ते." ती उठली. "ऱ्हायलेली दुसऱ्या टोपात काढ. पातेलं ठेव तितं, कोपऱ्यात."

कोपऱ्यात म्हणजे जिथे ते पूर्वी असायचं तिथे. संध्याकाळी गटावर निरोप आला : क्रमांक दोन जमा झालेलं नाही. मी लिहिलं : काकीच्या पडवीत जमा. दुसऱ्या दिवशी दुपारी, गौरीच्या जेवणाला पुन्हा नेलेलं क्रमांक सात आलं. खालच्या आळीतली तीच सून, टोपात पाच मोदक घेऊन. "म्हटलं वाटेतच हाय," ती म्हणाली. वाटेत ते आधीही होतं, पण तेव्हा टोप रिकामा होता. मग परात आली, तिच्यात पातोळ्या. मग आणखी दोन टोप. शाळेतलं मोठं पातेलं मी आणि चुलतभावाने मिळून आणलं. त्याच्या तळाला काही नव्हतं, म्हणून बायकोने त्यात एक नारळ टाकला. अध्यक्षांनी गटावर अंगठा दाखवला. तो वर होता की खाली, हे मी नीट बघितलं नाही.

तरी काकी गेली. बॅग भरलेली होती आणि मुलाने गाडीत तिच्यासाठी पुढची सीट रिकामी ठेवली होती. "लेकाचं मन मोडू काय?" ती म्हणाली. "जाते. बघते तिकडं कसं वाटतंय. भांडी तू बघ."

"मी?"

"मग कोण? तूच हलवलीस." गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. "कुणी मोठं मागितलं तर लगेच हो म्हणू नको. बघतो म्हण."

कारखान्यात जाऊन मी आठवडाभराची रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, गावची भांडी सांभाळायची आहेत. त्यांनी रजेच्या अर्जावर "घरगुती" असं लिहिलं.

रजेच्या तिसऱ्या दिवशी मी काकीच्या पडवीत बसलो असताना वरच्या घरचे काका आले. त्यांच्या आईचं श्राद्ध होतं.

"मोठं पातेलं पायजे."

"बघतो," मी म्हणालो. "किती माणूस?"

"दीडशे."

"तुमचे धाकटे भाऊ येणार का?" ते दोघं तीन वर्षं बोलत नव्हते, एवढं मला ठाऊक होतं.

"तो? तो कसला येतोय."

"मग मधलं न्या."

काकांनी मला खालून वर बघितलं. "काकी झालास काय रे?" पण घेऊन गेले. मला वाटलं, जमलं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पातेलं घेऊन आले ते तावातावाने. "धाकटा आला! पोरं, सुना, व्याही घेऊन आला! तीन वर्षांनी भाऊ दारात आला, आईच्या श्राद्धाला, आन त्याला खीर नाय पुरली! वडा नाय पुरला! डाळभात खाऊन गेला! तुझ्यामुळं!"

मी पातेलं घ्यायला हात पुढे केले. तळाला पान होतं आणि पानावर दोन वडे.

"हे काय, काका?"

"तुझ्यासाठी ठेवलेलं," ते म्हणाले, रागातच. "पंगत बसायच्या आधी काढून ठेवलेलं. शिव्या द्यायला आलोय. पण रिकामं कसं आणू?"

मग ते पायरीवर बसले. गुडघा धरून बसले, कारण बसताना त्यांचा गुडघा वाजला. गुडघा कधीपासून दुखतो, पोलादपूरचा डॉक्टर काय म्हणाला, महाडचा काय म्हणाला, धाकट्याचाही तोच गुडघा दुखतो आणि काल दोघांनी त्यावरच बोलायला सुरुवात केली, हे सगळं मी ऐकलं. मी वडे खाल्ले. गार होते, चांगले होते. घड्याळ मी काढून आत ठेवलं होतं.

ते गेल्यावर काकीचा फोन आला.

"गुडघा कसा हाय भावजींचा?"

"तुला कसं कळलं ते आले होते?"

"पातेलं द्यायला येणारच की. मधलं दिलंस म्हणं. कमी पडलं."

"तूच म्हणालीस, मोठं देऊ नको."

"मी म्हटलं, बघतो म्हण. बघितलंस काय तू? अरे, धाकटा येणार हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. भावजींना काय इचारतोस, ते नायच म्हणणार. त्यांच्या बायकोला इचारायचं." पलीकडे टीव्हीचा मोठा आवाज येत होता आणि त्यावरून ती ओरडत होती. "आता ऐक. मोठं पातेलं घे, खीर कर आन अर्धी धाकट्याच्या घरी दे, अर्धी भावजींकडं. माझी म्हणून सांग. तू करू नको. तुझ्या बायकोला सांग करायला."

"ती नाही म्हणते. माफी माझी आहे म्हणते."

"मग तांदूळ भाजून घे ह्या वेळेला. आन त्या मोठ्यावरचा तुझा आकडा निघाला काय?"

मी दोन दिवस ते पातेलं नारळाच्या काथ्याने घासत होतो. तांबडा रंग निघाला होता, पण पितळेवर एकाची फिकट सावली राहिली होती.

"निघत नाही पूर्ण."

"राखेनं घास. चिंच लाव. भांडी समदी पडवीतच हायत ना?"

"पडवीतच आहेत."

"खाट काढलीस?"

खाट अजून तिथेच होती. मी म्हणालो, आता काढतो.

"काढ," काकी म्हणाली. "मी शनिवारी येते."